जावयाचा निळा अंगरखा

वऱ्हाडातून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय, ऊन कसं होतं?" मी डिसेंबरात गेले होते, ऊन कोवळं होतं. तरीही मी पोळून आले. उन्हाने नव्हे, स्वतःच्या जिभेने. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना त्याची थोडी ओळख व्हावी आणि ज्यांनी मला पाहिलेलं आहे त्यांना थोडं समाधान मिळावं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझ्याविषयी. मी पुण्यातल्या एका कला महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं चित्रकलेचा इतिहास शिकवला. खरं सांगायचं तर माझी सगळी नोकरी एका वाक्यावर झाली, 'अजिंठ्याची चित्रं फ्रेस्को नाहीत.' लोक सर्रास त्यांना फ्रेस्को म्हणतात आणि मी सर्रास त्यांना दुरुस्त करते. वर्गात करते, सभेत करते, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही करते. हे वाक्य सुरू झालं की आमचे हे उठून ताक आणायला जातात.

वाक्य मात्र बरोबर आहे. फ्रेस्को हा इटालियन शब्द, अर्थ साधा, ताजं. भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा आणि तो ओला आहे तोवरच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा. डिंक नाही, सरस नाही. चुना सुकताना रंगाला आपल्यात ओढून घेतो आणि दगडासारखा घट्ट होतो. मग वरून पाणी ओतलं तरी रंग हलत नाही. गिलावा वाळल्यावर डिंकात किंवा सरसात कालवून रंग लावला तर ते सुकं काम. ओलं फडकं फिरवलं की ते निघून येतं. अजिंठ्याचं काम सुक्यातलं. झालं, एवढंच. एवढ्यावर मी निवृत्त होईपर्यंत रेटलं.

अकोला

अकोल्याच्या चित्रकला शिक्षकांच्या एका मंडळाने व्याख्यानाला बोलावलं होतं. स्टेशनवरून येताना एका कोचिंग क्लासची लांबलचक भिंत लागली. तिच्यावर मेळघाटचा वाघ रंगवला होता. निवडणुकीला उभा राहिल्यासारखा तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत होता. मला न्यायला आलेले गृहस्थ अभिमानाने म्हणाले, मॅडम, पाहा, आमच्याकडेही फ्रेस्को आहे. मी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, नखाने वाघाचं शेपूट थोडं खरवडलं आणि हा प्लास्टिक पेंट आहे असं त्यांना दाखवून दिलं. वाचकहो, मी अकोल्यात पाऊल ठेवून वीस मिनिटं झाली होती.

सभेत ज्यांनी माझी ओळख करून दिली त्यांनी 'फ्रेस्को या थोर इटालियन चित्रकाराच्या जीवनकार्यावर मॅडम प्रकाश टाकतील' असं सांगितलं. मी टाकला. फ्रेस्को नावाचा कोणी माणूस नव्हता, एवढं सांगायला अकरा मिनिटं घेतली. पुढे बसलेल्या एक बाई वही मिटून माझ्याकडे दयेने पाहत होत्या. पाहुणीच्या घरी कोणीतरी वारलं आहे आणि ती आत्ताच सांगते आहे, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

जेवणात ज्वारीची भाकरी, झुणका आणि वर हिरवागार ठेचा. मी वाढणाऱ्या बाईंकडे थोडी कोथिंबीर मागितली तेव्हा त्यांना समजेना. मग शेजारच्या कोणी सांगितलं, "अवं, सांबार मागून राहिल्या त्या." या भागात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कोणीतरी दुरुस्त केलं, आणि ते मला आवडलं नाही.

जेवणानंतर एक सडपातळ, तिशीतला माणूस हातात मोबाइल घेऊन समोर उभा राहिला. हे वानखडे सर. मूळचे अमरावती शहराचे, दीड वर्षापूर्वी धामणगाव रेल्वेजवळच्या एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर म्हणून लागलेले. मोबाइलवर एका खेड्यातल्या विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळाची भिंत होती. भिंतीवर रुक्मिणीहरण. डावीकडे देवीच्या देवळातून पूजेचं ताट घेऊन बाहेर येणारी रुक्मिणी, मध्ये रथातून तिच्याकडे हात लांबवलेला निळा कृष्ण, उजवीकडे मिशांना पीळ देत धावत सुटलेला तिचा भाऊ. फोटो धूसर होता, पण रेघ कसलेल्या हाताची होती हे कळत होतं. कृष्ण ज्या गावाहून रुक्मिणीला घेऊन गेला असं सांगतात ते कौंडण्यपूर तिथून जवळच, वर्धेच्या काठी.

वानखडे सरांची अडचण अशी. देवळाच्या समितीने भिंतीला टाइल बसवायचा ठराव केला होता. सर प्रत्येक रविवारी तिथे जाऊन, हातापाया पडून ते काम लांबवत आले होते. शेवटी अध्यक्षांनी एक अट घातली, पुण्याच्या तज्ज्ञाने कागदावर लिहून द्यायचं की हा खरा फ्रेस्को आहे, मग टाइल रद्द. नाही तर सोमवारी मिस्त्री येणार. "मॅडम, तुमचे दोन शब्द पुरेत," सर म्हणाले. "मी त्यांना सांगून ठेवलंय, हा फ्रेस्कोच आहे."

तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि माझी जीभ शिवशिवायला लागली.

अमरावती

शनिवारी मुक्काम वानखडे सरांच्या आई-वडिलांकडे, अमरावतीला होता. पुण्यात पाहुण्याला 'चहा घेणार नाही ना?' असं विचारायची रीत आहे. पाहुणा सुज्ञ असला तर नाही म्हणतो आणि दोन्ही बाजूंची अब्रू राहते. इथे विचारतच नाहीत. चपला काढायच्या आत हातात बशी आली, तीत गिला वडा. आंबटगोड ओलाव्यात मऊ झालेला तो वडा मी एक खाल्ला आणि पुरे म्हटलं. सरांच्या आई म्हणाल्या, "एकच? तब्येत बरी नाई काय?" मग तब्येत बरी आहे हे सिद्ध करायला मी आणखी तीन खाल्ले.

त्यानंतर सरांनी आपली मोठी वही दाखवली. दीड वर्षातले रविवार तीत होते. एका पानावर नुसता रथाच्या घोड्याचा कान, एका पानावर रुक्मिणीच्या हातातलं ताट, त्यातलं निरांजन, मग पुन्हा ताट, पुन्हा वेगळ्या बाजूने. रुक्मिणीचा चेहरा त्यांनी नऊ वेळा काढला होता. ती कृष्णाकडे पाहत नाही, खाली ताटाकडे पाहते, आणि तरी तिला सगळं कळलेलं आहे असं त्या डोळ्यांत होतं. मला ती वही फार आवडली. पण मी तसं म्हटलं नाही. "चित्राची नक्कल करण्याआधी ते कसलं आहे हे तपासायला हवं," असं म्हटलं. सर म्हणाले, "हो मॅडम." त्यांच्या आईने मला पाचवा वडा वाढला नाही.

ते गाव

गावाचं नाव लिहीत नाही. त्यांनी माझं नाव घेऊ नये एवढीच त्याबदल्यात अपेक्षा आहे.

रविवारी सकाळी पोचलो तेव्हा देवळासमोर गोवऱ्यांचा विस्तव केला होता आणि त्यात रोडगे भाजत होते. कणकेचे हे घट्ट गोळे विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वरण-वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. देवाच्या नावाने अख्खं गाव जेवतं. आमच्याकडे देवाला नैवेद्य चमचाभर दाखवतात आणि उरलेला देवाच्या वतीने आपणच संपवतो.

समितीचे अध्यक्ष राजाभाऊ पुढे आले. भारदस्त माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. सभामंडपात टाइलची खोकी रचून ठेवली होती. त्यांनी एक टाइल काढून मला दाखवली. पांढऱ्यावर गुलाबी कमळ आणि कमळाच्या दोन्ही बाजूंना चोचीला चोच लावलेले दोन हंस. राजाभाऊ म्हणाले, हे धुवायला सोपं, चमकतंही, आणि पाहुण्यांनी फोटो काढला तर उजळ येतो. भिंतीवरचं चित्र आता मळकं झालंय, काही दिसत नाही, पोरं विचारतात हा कोण, तो कोण. मी मान हलवली. या माणसाला काय समजावणार, असं ते मान हलवणं होतं.

मग मी कामाला लागले. भिंग काढलं, टॉर्च काढली, कापसाचे बोळे काढले. हातमोजे घातले. भिंतीपासून सगळ्यांना चार हात लांब केलं आणि श्वासाची वाफसुद्धा लागता कामा नये असं बजावलं. त्यावर मागचे दोघे-तिघे तोंडावर उपरणं धरून उभे राहिले. इतका मान मला पुण्यात कधी मिळाला नाही. तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, डोक्यावर झेंडूची टोपली. ती भिंतीकडे बोट करून काही सांगू लागली. मी मागे वळून न बघता म्हटलं, "बाई, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." ती बाजूला झाली.

कृष्णाचा निळा रंग पाहताच मला आनंद झाला. निळा रंग चुन्याच्या ओल्या गिलाव्यात सहसा टिकत नाही. मी कापसाचा बोळा ओला केला, कृष्णाच्या खांद्यावर हळूच फिरवला आणि सगळ्यांसमोर वर धरला. बोळा निळा झाला होता. मंडपात हुंकार उठला. मी म्हटलं, हे सुकं काम आहे, फ्रेस्को नाही, शंभर टक्के नाही.

वानखडे सर जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या रंगांवर पण पाहायचं का? किंवा गावातल्या जुन्या बायकांना विचारून..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. चित्र बायकांना विचारून ठरत नाही, असं म्हटलं. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. इटलीतल्या खऱ्या फ्रेस्कोंवरही निळा रंग पुष्कळदा मागाहून, सुक्यातच लावत, हे मीच वर्गात शिकवत आले आहे. टॉर्च भिंतीला लागून तिरपी धरली की ओल्या गिलाव्याचे रोजच्या कामाचे सांधे दिसतात, हेही मीच शिकवलं. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा कारागीर सकाळी थापतो, म्हणून सांधे पडतात. मी टॉर्च तिरपी धरली नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि बाहेर तुपाचा वास सुटला होता.

राजाभाऊंनी समितीचा छापील कागद आणि दोन्ही पेनं पुढे केली. मी लिहिलं, 'सदर भित्तिचित्र फ्रेस्को नसून वाळलेल्या गिलाव्यावरील सामान्य काम आहे.' 'सामान्य' हा शब्द कोणी मागितला नव्हता. तो मी आपणहून घातला आणि खाली झोकदार सही केली. राजाभाऊंनी कागद घडी करून टोपीत ठेवला. "आता कसं, मोठ्या मानसानं सांगतलं म्हंजे तंटाच मिटला," ते म्हणाले.

पंगतीत वानखडे सरांनी वरणाला हात लावला नाही. मी तीन रोडगे खाल्ले.

कौंडण्यपूर

दुसऱ्या दिवशी सरांनी मला कौंडण्यपूर दाखवायचं कबूल केलं होतं. मला वाटलं, आता टाळतील. पण ते सकाळी साडेसातला मित्राची गाडी घेऊन हजर झाले, शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून. वाटेत कपाशीच्या शेतांत वेचणी चालली होती. ते काहीच बोलत नव्हते म्हणून मी त्यांना अजिंठ्याविषयी सांगत होते.

वर्धा नदी थंडीत शांत होती. काठावरच्या टेकाडावरून पात्र दूरवर दिसतं. हे रुक्मिणीचं माहेर, म्हणून इथे पांडुरंगाला सगळे नुसतं देव म्हणत नाहीत, त्याच्याशी नातं सांगतात. कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते. आता मात्र देवळाच्या पायऱ्यांशी दोन-तीन फुलवाल्याच होत्या. त्यातली एक कालची म्हातारी. तिने मला ओळखलं.

"उजेड भेटला काय, बाई?" तिने विचारलं.

माझा चेहरा पडला, पण हार घेतला. तिचं नाव गिरजाबाई. घरचा मळा, झेंडू आणि शेवंती. गावजेवणाचा दिवस सोडला तर गावातून पहिल्या एसटीने रोज इथे येते. काल काय सांगत होता, असं मी निव्वळ सभ्यपणाने विचारलं. ती हार गुंडाळता गुंडाळता म्हणाली, जावयाचं सांगत होती.

मग तिने जे सांगितलं ते असं. कृष्ण या मुलखाचा जावई. जावयाला धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे दर तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्यात, घरी बोलावून तेहतीस अनारशांचं वाण आणि नवे कपडे द्यायचे ही रीत आपल्या सगळ्यांकडे आहे. यांच्या गावाने ती भिंतीवरच्या जावयालाही लावली. धोंड्यात त्याला न्हाऊ घालायचं आणि नवा अंगरखा चढवायचा. अंगरखा म्हणजे रंग. हा मान गिरजाबाईच्या घराकडे, तिच्या सासूपासून.

"कसला रंग?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"कपड्याची नीळ. जरासा डिंक घालतो, मंग पुढच्या धोंड्यापावतर टिकते."

"आणि न्हाऊ घालता म्हणजे?"

"पुरी भित धुतो ना. पह्यले घागरीनं धुवो, आता फवारनीच्या पंपानं. जावई एकटा कसा न्हाईन? रथ, घोडे, आपली पोट्टी रुक्मिणी, सारेच न्हातात."

"आणि रंग जात नाही? बाकीचा?"

गिरजाबाईने माझ्याकडे पाहिलं. सभेतल्या त्या बाईंच्या डोळ्यांतली दया इथेही होती. "जायाचा असता तं माह्या सासूच्या येळेसच गेला असता," ती म्हणाली. "निळा तेवढा उतरते. खालून तो काळाच हाय."

वानखडे सर दीड वर्षापूर्वी आले, शेवटचा धोंडा त्याआधी होऊन गेला होता. त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती भिंत कितीएक वर्षं दर धोंड्याला पाण्याने धुतली जात होती आणि मी काल तिच्याजवळ श्वास घ्यायला बंदी केली होती. मी सुकं म्हणून दाखवलं ते जावयाचं कापड होतं. आज सोमवार होता.

सरांनी राजाभाऊंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. गिरजाबाईने टोपली उचलली आणि न विचारता गाडीत मागे बसली. परतीच्या अर्ध्या तासात मी अजिंठ्याचं नाव काढलं नाही.

पुन्हा ते गाव

देवळाबाहेरच छिन्नी-हातोडीचा आवाज ऐकू आला. टाइल घट्ट धरावी म्हणून भिंतीला आधी छिन्नीने खड्डे पाडतात. दोन मिस्त्री डावीकडून, दाराच्या बाजूने सुरू झाले होते. राजाभाऊ खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा फोन टाइलच्या खोक्यावर पडून त्या आवाजात एकटाच वाजून गेला होता.

मी थांबा म्हणून ओरडले. मिस्त्री थांबले. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, भिंतीचा डावीकडचा तिसरा हिस्सा गेला होता. देवीचं देऊळ गेलं होतं. रुक्मिणी गेली होती. तिच्या पायाशी लुगड्याच्या काठाची एक वीतभर पट्टी उरली होती. रथातून लांबवलेला कृष्णाचा हात आता नुसत्या खड्ड्यांकडे पोचत होता.

वानखडे सर खाली वाकले आणि ढिगाऱ्यातले तुकडे वेचू लागले. एक तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. कडेने पाहिलं तर गेरूचा लाल रंग वर बसलेला नव्हता, चुन्यात मुरलेला होता. मी थुंकी लावून बोटाने घासला. बोट कोरडं आणि स्वच्छ. मला लाज वाटली. इतकी की त्या मिस्त्र्यांकडेही मला बघवेना.

मी राजाभाऊंना म्हटलं, काम बंद करा, मी चुकले, हा खरा फ्रेस्को आहे. त्यांनी टोपी काढली, घडी उलगडली आणि कागद माझ्यासमोर धरला. "मॅडम, सही तं तुमचीच हाय. काल शंभर टक्के म्हनल्या. आता गावाले काय सांगू, काल खरं का आज खरं?"

प्रश्न रास्त होता. देवळात एव्हाना अर्धं गाव जमलं होतं, काल तोंडावर उपरणं धरणारेही त्यात होते. मी हात जोडून म्हटलं, फवारणीचा पंप आणा. आपलं आयुष्य जुन्या भिंतींना पाण्यापासून वाचवण्यात गेलं असं मानणाऱ्या बाईने हे सांगावं, यात गंमत आहे हे मला त्या वेळीही कळत होतं. पंप आला, तीन पाण्यांनी विसळला. राजाभाऊंनी तो कोणाला दिला नाही. कागद पुन्हा टोपीत ठेवला, दोन पेनं खिशातून काढून गिरजाबाईकडे दिली, पंप स्वतःच्या पाठीवर चढवला आणि पांढऱ्या टोपीसकट भिंतीसमोर उभे राहिले. दांडा मारता मारता मला म्हणाले, "रंग गेला तं तुमी जानो अन् देव जानो."

पहिला फवारा कृष्णावर बसला. नीळ ओघळली, खांद्यावरून रथावर, रथावरून फरशीवर. सगळे वाकून बघत होते. अंगरखा उतरला आणि खालून काजळाच्या रंगाचा, सावळा, तुकतुकीत कृष्ण वर आला. बाकी काहीच उतरलं नाही. उलट घोड्यांचा मळ गेला, रथाचा पिवळा उजळला, भावाच्या मिशा ताज्या पिळल्यासारख्या दिसू लागल्या. मी टॉर्च भिंतीला लावून तिरपी धरली. सांधे दिसले. रथाचा एक दिवस, घोड्यांचे दोन, त्या धावणाऱ्या भावाचा एक. कोणी एक कारागीर रोज सकाळी जेवढं झेपेल तेवढाच गिलावा थापून, तो ओला असेपर्यंत घाई न करता काम करत होता. मी त्याचा निकाल पंगत मांडायच्या आत लावला होता.

राजाभाऊंनी पंप उतरवला. भिजलेल्या टोपीतून त्यांनी तो कागद काढला, शाई पसरून गेली होती. तो त्यांनी चुरगळून ढिगाऱ्यात टाकला. टाइल आता धर्मशाळेच्या संडासाला लावू, असं त्यांनी मिस्त्र्यांना सांगितलं. हंसांचं भलं झालं.

मी जरा धीर करून त्यांना विचारलं, नीळ दर धोंड्याला चढवतात हे तुम्हाला माहीत होतं ना? ते म्हणाले, "गावात कोनाले माईत नाई? तुमी इचारलंच नाई, मॅडम. तुमी तं सांगाले आल्या होत्या."

मग ते वानखडे सरांकडे वळले आणि मायेने म्हणाले, मास्तर, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या वहीत रुक्मिणी आहेच, सिमेंटने खड्डे बुजवून घेऊ, वरून ऑइल पेंटात जशीच्या तशी काढून टाका. सरांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. ते सुकं काम होईल, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबलं होतं. मी ते गिळलं.

गिरजाबाईने राजाभाऊंची पेनं परत केली. ती भिंतीपाशी गेली आणि त्या खड्ड्यांवरून तिने तळहात फिरवला, वरून खाली, लुगड्याच्या उरलेल्या काठापर्यंत. हाताला चुना लागला, तो तिने पदराला पुसला. मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"धोंड्यात जावयाले नवा आंगरखा काहून देतो आपन? आपली पोट्टी त्याच्या घरी हाय म्हनून देतो ना? आता पोट्टीच नाई राह्यली भितीवर. तुमी शिकल्या-सवरल्या हा, तुमीच सांगा बाई, आता हा कोनाचा जावई?"